लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की विंडोजचा लॅपटॉप आहे, दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (माईक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे आणि रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करता. तानपुरा-तबल्याच्या ट्रॅकवर गाताना स्वतःचा आवाज मागून येतो, तान घेऊन समेवर येताना गडबड होते, आणि बफर (कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे नमुने, म्हणजे सॅम्पल, साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा) ६४ वर आणला की तडतड सुरू होते. कोथरूडला माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे, तिथे घरी प्रयत्न करून वैतागून आलेल्या गायकांकडून हेच ऐकतो. माझं सरळ मत: बफरच्या मागे लागू नका. तुमचा आवाज तुमच्या कानात यायला कॉम्प्युटरमधून फिरून येण्याची गरजच नाही.

आधी एक चाचणी करा. रीपर पूर्ण बंद करा, इंटरफेस जोडलेलाच ठेवा, हेडफोन इंटरफेसच्याच जॅकमध्ये लावा आणि माईकसमोर सा लावा. आवाज लगेच ऐकू आला तर डायरेक्ट मॉनिटर चालू आहे, म्हणजे माईकचा आवाज इंटरफेसच्या आतूनच हेडफोनकडे वळतोय. उशिरा आला तर विंडोजचा उपद्व्याप आहे: साउंड सेटिंगमध्ये माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ नावाचा टॅब असतो, तिथली ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ची खूण काढून टाका. काहीच आलं नाही तर डायरेक्ट मॉनिटर बंद आहे. इंटरफेसवर त्याचं बटण किंवा मिक्सचा नॉब असतो. काही मॉडेलमध्ये ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं.

ते चालू करा आणि मग रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा. दुसरी पायरी लोक हमखास विसरतात. दोन्ही चालू राहिलं की एक आवाज लगेच येतो, दुसरा मागून येतो, आणि माणूस म्हणतो डायरेक्ट मॉनिटरने काही फरक पडत नाही. मॉनिटरिंग बंद केलं म्हणून रेकॉर्डिंग थांबत नाही, ते नीट होत राहतं.

आता बफरचा हिशेब. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० नमुने) २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, तेही एकाच बाजूचे. जाताना एक आणि येताना एक धरून १०.७, वर ड्रायव्हरचा आणि कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) वेळ वेगळा. १०२४ वर हाच आकडा ४३ च्या आसपास जातो. हवेत आवाज १० मिलिसेकंदात जवळपास साडेतीन मीटर जातो, म्हणजे तबलजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसला तर एवढा उशीर तसाही होतोच आणि त्याने कोणाची सम चुकत नाही. पण स्वतःच्या गळ्याचं तसं नाही. तो आवाज हाडांतून कानाला ताबडतोब पोचतो, त्यावर हेडफोनमधला काही मिलिसेकंद उशिराचा आवाज पडला की काही सूर पोकळ लागतात, डब्यात तोंड घालून गायल्यासारखं वाटतं. म्हणून तबलावाल्याला १० चालून जातील, गायकाला खटकतील.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर वरचं सगळं वाया. त्यात १५०-२०० मिलिसेकंद सहज जातात. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्राच २५० ची! पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साधा वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. उघडा घेतला तर तबला माईकमध्ये झिरपेल.

डायरेक्ट मॉनिटरवर आवाज कोरडा येतो आणि गायकाचा मूड जातो, ही तक्रार खरी आहे. उपाय असा: रीपरमध्ये त्याच माईकचा दुसरा ट्रॅक घ्या, त्याचा रेकॉर्ड मोड ‘इनपुट मॉनिटरिंग ओन्ली’ करा, या ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र चालू ठेवा, रीआव्हर्बेट (रीपरमधला घुमाऱ्याचा इफेक्ट) लावा आणि त्यातला ड्राय, म्हणजे मूळ कोरडा आवाज, पूर्ण खाली ओढा. मूळ आवाज लगेच येतो, घुमारा तेवढा संगणकातून येतो. घुमारा २०-३० मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला गैर वाटत नाही, उलट सुटसुटीत वाटतो.

तडतडीबद्दल थोडक्यात. ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचा असिओ (ASIO, विंडोजवर उशीर कमी ठेवणारा ऑडिओ ड्रायव्हर) हवा, नसेल तरच असिओ-फॉर-ऑल. वायफाय बंद, मास्टरवरचे (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथले) लिमिटर आणि लिनिअर फेज ईक्यू हे इफेक्ट काढलेले, इंटरफेस हबमध्ये नाही तर थेट पोर्टमध्ये. आणि गुरुवारी महावितरणने वीज घेतली की लॅपटॉप बॅटरीवर येऊन प्रोसेसरचा वेग पाडतो, तेव्हा काल नीट चाललेला बफरही फुटतो. चार्जर लावून, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवून बघा. तरी तडतड राहिली तर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर चालवा, कोणता ड्रायव्हर अडतोय ते दाखवतं. डायरेक्ट मॉनिटर असल्यावर मी बफर सरळ ५१२ ठेवतो.

गाताना सगळं ठीक, पण नंतर ऐकताना आवाज तबल्याच्या मागे, असं झालं तर तो वेगळा प्रश्न आहे. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावा, एक क्लिक वाजवून ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि दोन क्लिकमधलं अंतर मोजा. हे करताना त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग आणि इंटरफेसचा डायरेक्ट मॉनिटर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर फीडबॅकची शिट्टी बसेल. आलेला आकडा रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, रेकॉर्डिंगमधल्या ऑफसेटमध्ये भरा आणि पुन्हा मोजून बघा. अंतर सुरुवातीला कमी आणि ख्याल संपेपर्यंत वाढत गेलेलं असेल तर ऑफसेटने काही होणार नाही. तेव्हा माईक एका उपकरणावर आणि हेडफोन लॅपटॉपच्या जॅकवर आहे का ते बघा. दोघांची घड्याळं वेगळी चालतात, दोन्ही एकाच इंटरफेसवर घ्या.