वाचक विचारतात: मॉडेल रेल्वेच्या डीसीसी लेआउटमधील वीज (डीसीसी म्हणजे रुळांतूनच वीज आणि इंजिनाला डिजिटल आज्ञा पाठवण्याची पद्धत)

प्रश्न: माझ्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) लेआउटवर मुख्य वायर बूस्टरपासून (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्रापासून) सुमारे ५ मीटर दूर जाते. बूस्टर ५ अँपिअरचा आहे. दूरच्या टोकाला गाड्या मंदावतात आणि आवाजाचे इंजिन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. रूळ आणि चाके स्वच्छ आहेत. मल्टिमीटर दोन्ही टोकांना १४ व्होल्ट दाखवतो. मग बिघाड कुठे?

उत्तर: बिघाड वायरिंगमध्येच आहे. रुळावर काहीच चालत नसताना मोजल्यामुळे तो दिसत नाही. मल्टिमीटर स्वतः नगण्य विद्युतप्रवाह घेतो आणि प्रवाह नसेल तर खराब सांध्यावरही व्होल्टेज पडत नाही. त्यामुळे मोजताना रुळावर भार हवाच.

वाहनाच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी सोल्डर करा. तो पेटल्यावर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. त्याने बूस्टर ट्रिप होत असेल (जास्त प्रवाहामुळे स्वतःहून बंद पडत असेल), तर बल्बऐवजी १० ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर वापरा. दोन्ही वस्तू चटका बसण्याइतक्या तापतात, म्हणून प्लास्टिकच्या स्लीपरवर ठेवू नका आणि काही सेकंदांत मोजणी उरका.

सगळी इंजिने उतरवा, बल्ब दूरच्या टोकाला रुळावर जोडा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवा. साधा मीटर ५० हर्ट्झच्या साइन वेव्हसाठी बनवलेला असतो. डीसीसीची चौकोनी लहर ५ ते ८.६ किलोहर्ट्झच्या दरम्यान बदलत राहते. आकडा खरा १४ आहे की १३, यावर विसंबू नका. एकाच मीटरने दोन जागी घेतलेल्या आकड्यांतला फरक तेवढा पाहा. बल्ब जागचा न हलवता क्रमाने मोजा: बूस्टरचे टर्मिनल, मुख्य वायरचे शेवटचे टोक, मग तिथला रूळ. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम घसरतो, तिथेच बिघाड. एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर वायरिंग बदलायलाच हवे.

मुख्य वायरवरच घट दिसली तर वायर बारीक आहे. ०.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.०३६ ओहम असतो. जाऊन-येऊन १० मीटरचे झाले ०.३६ ओहम, म्हणजे ४ अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच संपले. २.५ चौरस मिमीच्या वायरीत हीच घट ०.३ व्होल्ट राहते. तुमच्या अंतराला २.५ चौरस मिमीच घाला.

मुख्य वायर ठीक आणि रुळावर घट, तर दोष फीडरचा (मुख्य वायरपासून रुळापर्यंतच्या छोट्या वायरीचा) किंवा फिशप्लेटचा (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्टीचा). बल्ब पेटता ठेवून मीटरचे दोन्ही प्रोब एकाच रुळावर, संशयित सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवा. चांगल्या सांध्यावर व्होल्टचा काही शतांश भाग दिसेल, ०.२ व्होल्ट दिसले तर सांधा गेला असे समजा. फिशप्लेट रुळाचे तुकडे सरळ रेषेत धरण्यासाठी असते. रंग, खडीचा गोंद आणि ऑक्साइड आत शिरले की तिच्यातून वीज भरवशाने जात नाही. शिवाय निकेल सिल्व्हरच्या रुळाचा विशिष्ट रोध तांब्याच्या पंधरा ते वीस पट असतो, त्यामुळे रुळांकडून मुख्य वायरचे काम होत नाही. प्रत्येक तुकड्याला स्वतःची फीडर जोडी द्या: ०.५ चौरस मिमी, लांबी ३० सेंटिमीटरच्या आत, रुळाच्या बाहेरच्या कडेला सोल्डर केलेली.

काम झाल्यावर नाण्याची चाचणी कराच. चालू लेआउटवर दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवा. बूस्टर तत्काळ ट्रिप झाला पाहिजे. हे लेआउटच्या प्रत्येक भागात आणि प्रत्येक साइडिंगमध्ये (बाजूच्या मार्गात) करा. आमच्या मते ही चाचणी गाड्यांच्या वेगापेक्षा महत्त्वाची आहे. समजा, दूरच्या टोकापर्यंतचा एकूण रोध ३ ओहम आहे. तिथे शॉर्ट झाला तर १४ भागिले ३, म्हणजे ४.७ अँपिअरच वाहतील. ५ अँपिअरच्या बूस्टरला तो शॉर्ट वाटतच नाही आणि तो वीज देत राहतो. सुमारे ६५ वॅट उष्णता वायरी, सांधे आणि रुळावरून घसरलेल्या डब्याची चाके यांत साठत जाते. बोगी वितळते, स्लीपर वाकतात. नाणे ठेवूनही बूस्टर ट्रिप झाला नाही तर नाणे लगेच उचला, त्या भागाचे फीडर दुरुस्त करा आणि तोवर तिथे गाडी चालवू नका.

प्रश्न: आठ आवाजाची इंजिने रुळावर उभी करून सिस्टिम सुरू केली की बूस्टर सारखा बंद-चालू होतो. चार उतरवली की सगळे सुरळीत. जास्त अँपिअरचा बूस्टर घ्यावा का?

उत्तर: नको. चालू गाड्यांना तुमचा बूस्टर पुरत असेल, तर अडचण फक्त सुरुवातीच्या क्षणाची आहे. आवाजाच्या डीकोडरमधले (आज्ञा समजून इंजिन चालवणाऱ्या सर्किटमधले) कपॅसिटर रिकामे असताना एकदम भरू लागतात. आठही एकाच क्षणी भरू लागले की बूस्टरला तो शॉर्टच वाटतो. तो ट्रिप होतो, थोड्या वेळाने पुन्हा वीज देतो, तोवर कपॅसिटर बऱ्याच अंशी उतरलेले असतात आणि चक्र सुरूच राहते. मोठा बूस्टर ही अडचण झाकेल, पण खऱ्या शॉर्टच्या वेळी रुळावर तेवढा जास्त प्रवाहही सोडेल. एचओसाठी ५ अँपिअर पुष्कळ झाले.

लेआउटचे तीन-चार भाग करा. भागांच्या सीमेवर दोन्ही रूळ कापा आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर द्या. ट्रिपची मर्यादा आणि विलंब दोन्ही बदलता येतील असाच ब्रेकर निवडा. मर्यादा बूस्टरपेक्षा स्पष्टपणे कमी ठेवा, ५ अँपिअरच्या बूस्टरला साधारण ३. विलंब सगळ्यात कमीपासून सुरू करून इंजिने एका दमात चालू होईपर्यंतच वाढवा. त्यापुढे वाढवला तर संरक्षण ढिले पडते. एका भागात शॉर्ट झाला तरी बाकीच्या गाड्या चालत राहतात, हा आणखी एक फायदा. शेडमध्ये उभ्या इंजिनांच्या मार्गांना साधा ऑन-ऑफ स्विच लावला तरी निम्मे ओझे उतरते.

सगळी इंजिने उतरवूनही बूस्टर ट्रिप होत असेल तर मात्र कपॅसिटरचा दोष नाही. मुख्य वायर मध्यावर सोडवा आणि कोणत्या अर्ध्यात शॉर्ट आहे ते पाहा, मग त्या अर्ध्याचा अर्धा. शेवटी बहुतेकदा एखाद्या पॉइंटचा (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळाचा) धातूचा फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, उलटी जोडलेली फीडर किंवा रुळांवर विसरलेला स्क्रूड्रायव्हर सापडतो. जुन्या डीसी संचातला जोडणीचा तुकडा वापरला असेल तर तोही उघडून पाहा. रेडिओवरची खरखर थांबवण्यासाठी त्यात कपॅसिटर असतो. तो डीसीसीचा सिग्नल बिघडवतो, म्हणून कापून टाका.

प्रश्न: रिव्हर्स लूपला (गाडी वळून त्याच रुळावर उलट दिशेने परत येते त्या फेऱ्याला) ऑटो-रिव्हर्सर लावला आहे. तरीही इंजिन लूपमध्ये शिरताच सगळा लेआउट बंद पडतो.

उत्तर: लूपच्या टोकाला दोन रूळ उलटे भिडतात, म्हणून शॉर्ट होतो. रिव्हर्सर तो ओळखून लूपची पोलॅरिटी उलटवतो, पण तुमचा बूस्टर त्याच्या आधीच ट्रिप होत आहे. रिव्हर्सरची मर्यादा त्याच्यामागच्या ब्रेकरपेक्षा किंवा बूस्टरपेक्षा कमी ठेवा. तो रिलेवर चालणारा असेल तर स्वभावतःच सावकाश असतो. ट्रान्झिस्टरवर चालणारा बसवा.

मर्यादा बरोबर असूनही फरक पडला नाही तर रुळांचे गॅप तपासा. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापलेले हवेत, समोरासमोर. कापलेले भाग उन्हाळ्यात प्रसरण पावून चिकटतात, म्हणून गॅपमध्ये प्लास्टिकची चकती चिकटवून घासून घ्या. लूपला वीज फक्त रिव्हर्सरमधून यावी. मुख्य वायरची एखादी फीडर चुकून आत राहिली तर तो कायमचा शॉर्ट. धातूची चाके असलेली सगळ्यात लांब गाडी दोन्ही गॅपच्या मध्ये पूर्ण मावली पाहिजे. एकाच वेळी दोन्ही टोकांवर चाके आली तर कोणताही रिव्हर्सर हतबल होतो.

प्रश्न: एकच डबा एका पॉइंटवर ठिणगी पाडतो आणि क्षणभर वीज जाते. बाकी डबे ठीक.

उत्तर: त्या डब्याच्या चाकांमधले आतले अंतर कमी आहे. चाकाची पाठ पॉइंटच्या उघड्या पात्याला घासते आणि ते पाते विरुद्ध पोलॅरिटीचे असते. एचओमध्ये हे अंतर सुमारे १४.४ मिमी हवे. गेजने तपासून चाक अॅक्सलवर हलके सरकवा. सगळेच डबे ठिणगी पाडू लागले तर पॉइंट बदला किंवा दोन्ही पाती आपापल्या रुळाला जोडून फ्रॉग वेगळा करा.

प्रश्न: प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरची मूल्ये वाचण्या-बदलण्याच्या वेगळ्या रुळावर) आवाजाचा डीकोडर वाचता येत नाही, मुख्य रुळावर तोच नीट चालतो.

उत्तर: प्रोग्रॅमिंग ट्रॅकचा प्रवाह मुद्दाम सुमारे २५० मिलिअँपिअरपर्यंत मर्यादित ठेवलेला असतो, म्हणजे चुकीच्या जोडणीने डीकोडर जळत नाही. आवाजाच्या डीकोडरला सुरुवातीला त्याहून जास्त लागते. डीकोडर उत्तर देतो तो किमान ६० मिलिअँपिअरचा, सुमारे ६ मिलिसेकंदांचा झटका देऊन, आणि हा झटका बहुधा मोटरमधून जातो. त्यामुळे मोटर जोडलेली आणि चाके स्वच्छ हवीत. वीज टिकवणारा मोठा कपॅसिटर जोडला असेल तर तात्पुरता सोडवा. तरीही वाचन जमले नाही तर प्रोग्रॅमिंग ट्रॅकचा स्वतंत्र बूस्टर लावा. मुख्य रुळावर प्रोग्रॅमिंग करून मूल्ये लिहिता येतात, पण साध्या सिस्टिममध्ये तिथून ती परत वाचता येत नाहीत.