प्रतिकूल बाजूने बोलताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठीचा तुझा खर्डा पोचला. 'जागतिक तापमानवाढ हे श्रीमंत राष्ट्रांनी उभं केलेलं बुजगावणं आहे' असा विषय, आणि तुझ्या वाट्याला प्रतिकूल बाजू. तू लिहिलंयस, 'बाजू सोपी मिळाली, सर.' मला तसं वाटत नाही. विषय काढणाऱ्याने एका वाक्यात दोन प्रश्न बेमालूम गुंतवलेत. पृथ्वी तापते आहे का, हा एक. त्या तापण्याचं राजकारण कोण करतं, हा दुसरा. समोरचा दुसऱ्यावर बोलेल, त्यावर टाळ्या घेईल आणि पहिलाही जिंकल्याचा आव आणेल. तू दोन्हींवर सारख्याच त्वेषाने 'साफ चूक' म्हणत बसलीस, तर अडकलीस.

आधी काटछाट. सुरुवातीचं ध्रुवीय अस्वल काढ. ते कित्येक वर्षं प्रत्येक स्पर्धेत हजेरी लावतंय, परीक्षक त्याला ओळखतात. '९७ टक्के शास्त्रज्ञांचं एकमत' हेही नको. आकडा खोटा म्हणून नव्हे. पण वादात तू डोकी मोजायला लागलीस की समोरचा गॅलिलिओ काढणार, आणि तुझा निम्मा वेळ गॅलिलिओचा खटला लढण्यात जाणार.

तिसरी काट जास्त महत्त्वाची. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस की २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील. हे वाक्य अजून फिरतंय याचं मला नवल वाटत नाही, पण त्याची जन्मकथा तुला माहीत हवी. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात ते छापलं गेलं. त्याला आधार होता एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा, आणि त्या अहवालाला आधार होता १९९९ च्या एका विज्ञान साप्ताहिकातल्या बातमीचा. मोजमाप केलेला शोधनिबंध या साखळीत कुठेच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्यांचं मागे हटणं काही अघटित नाही, असा त्याचा सूर होता. मंत्री जयराम रमेश तो घेऊन उभे राहिले. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी, तेही भारतीयच, इतके चिडले की त्यांनी त्या निबंधाची 'वूडू सायन्स', म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून संभावना केली. दोन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, त्यांच्याच समितीला २०३५ च्या वाक्याबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला.

आता बघ, चूक उघडी पाडण्यात पुढे कोण होतं? हिमनद्यांचाच अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, आणि त्यांना तापमानवाढ मुळीच अमान्य नव्हती. एवढं प्रचंड बर्फ तीसेक वर्षांत वितळणं भौतिकशास्त्रात बसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि बर्फ वितळत नाही असंही यातून निघालं नाही. हिंदुकुश-हिमालयाचा जो मोठा आढावा २०१९ मध्ये काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने काढला, तो सांगतो की वाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग जाईल. हे वाक्य २०३५ इतकं झणझणीत नाही, पण तपासाला उभं राहतं.

माझा सल्ला असा की ही गोष्ट समोरच्याने काढायच्या आत तूच सांग. वेळ देऊन, नावानिशी सांग. त्याच्या भात्यातला सगळ्यात चांगला बाण तोच असणार. शिवाय ज्या कटाचा तो आरोप करतोय, त्या कटातलीच माणसं भर बाजारात एकमेकांच्या चुका काढतात, हे सभेला आपोआप दिसेल.

मग पहिल्या प्रश्नावर ये आणि तिथे तसूभरही हटू नकोस. बुजगावणं मुद्दाम उभं करावं लागतं. इथे तर हिशेब १८९६ चा आहे. स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल हे कागदावर मांडलं. उत्तर आलं पाच-सहा अंश. आजचा अंदाज तीनच्या आसपास आहे, म्हणजे त्याचं उत्तर जास्तच होतं, पण दिशा बरोबर. गंमत म्हणजे गृहस्थ घाबरला नाही, खूश झाला. स्वीडनच्या थंडीत राहणाऱ्याला ऊब नकोशी का वाटावी? कोणाला भीती घालण्याचा त्याचा दूरान्वयानेही हेतू नव्हता.

'कार्बन वाढला तो ज्वालामुखीतून आला नाही कशावरून?' असा प्रश्न येईलच. त्याला एक छान उत्तर आहे, ते नीट पाठ कर. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी किंचित असतो. तो साधारण ५,७०० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेलं, त्यामुळे त्यांच्यात तो उरलेलाच नाही. तेव्हा कोळसा जाळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. झाडांच्या वर्तुळांत त्या त्या वर्षीच्या हवेतला कार्बन साठलेला असतो; हान्स सूस या शास्त्रज्ञाला १९५० च्या दशकात तिथे नेमकं तेच दिसलं. ज्वालामुखीतल्या कार्बनमध्येही कार्बन-१४ नसतो हे खरं, पण ज्वालामुखी वर्षाला जेवढा वायू सोडतात त्याच्या कितीतरी पट आपण जाळतो. सूर्याचं नाव कोणी काढलं तर एवढंच सांग की सूर्य तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा, स्थितांबर, थंड होतोय.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र पुष्कळ कबूल करून टाक. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या एका संस्थेने उत्सर्जनाचा हिशेब मांडताना भारत-चीनसारख्या देशांच्या माथीही मोठा वाटा मारला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला खणखणीत उत्तर दिलं. भातखाचरातून आणि गरिबाच्या म्हशीतून निघणारा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसे घालता, असा त्यांचा सवाल होता. आजही भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत साधारण १४ टन. विषय मांडणाऱ्याचा राग इथून येतो आणि तो रास्त आहे. पण अगरवाल-नारायण यांनी पृथ्वी तापत नाही असं कधी म्हटलं नाही. त्यांनी हिशेबातला वाटा मागितला. जो हिशेबच खोटा मानतो त्याला वाटा कशाचा मागता येणार? तुझ्या भाषणाचा कणा हा. तो सातव्या मिनिटाला नको, तिसऱ्याला आण.

तू विचारलंयस की ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये भारताने कोळसा 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करण्याचा आग्रह धरला तो तुला पटतो, मग या बाजूने बोलणं ढोंगीपणाचं नाही का. अजिबात नाही. काय घडतंय याला पुरावा लागतो. काय करावं याला मत लागतं, आणि तुझं मत तुझं आहे. मला स्वतःला वाटतं की आपण त्या आग्रहाच्या आडोशाने आपल्या शहरांतला धूर फार दिवस लपवला. तुला नसेल वाटत. यावर आपण भेटल्यावर भांडू.

दोन किरकोळ गोष्टी. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस तू सगळाच तापमानवाढीच्या खात्यावर टाकलायस. परीक्षकांत एखादा कुर्ल्याचा निघाला तर तो मिठी नदीचं काय केलं ते विचारेल. मुंबई बुडण्यात मिठीवरच्या अतिक्रमणांचा आणि भरावांचा हात होता. एवढं एका वाक्यात मान आणि पुढे जा. दुसरं, भारत जगाच्या सरासरीपेक्षा कमी तापलाय, १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंश, असं कोणी फेकलं तर गडबडू नकोस. आकडा खरा आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेल्या २०२० च्या अहवालातलाच आहे. त्याच अहवालात हवेतल्या धूलिकणांनी ही वाढ काहीशी झाकल्याचंही लिहिलंय. आकडा घेणाऱ्याला ते पुढचं वाक्यही घ्यायला लाव.

खंडनासाठी दीड मिनिट राखून ठेव, मागच्या वेळेसारखं घंटा वाजल्यावर धावू नकोस. दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव, आणि या वेळी समास सोड. लिहायला मला जागाच नव्हती.

तुझा,
सर