सोबतीच शिकवणार, तर शिक्षक कशाला?

प्रश्न : माझी मुलगी एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या मेंदू आणि मज्जारज्जू हा भाग चालू आहे. तिचे सर काही तासांना स्वतः न शिकवता मुलांचे गट पाडतात आणि एकमेकांना समजावून सांगायला लावतात. “मला जे येत नाही ते माझ्यासारखीच मुलगी कशी शिकवणार?” असे ती विचारते. या पद्धतीचा खरोखर उपयोग होतो का?
– एक पालक, सांगली

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे तेव्हा हीच भीती मलाही वाटे. त्यात हा विषयच धास्तीचा. राल्फ जोझेफोविच या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी १९९४मध्ये या धास्तीला ‘न्यूरोफोबिया’ असे नावच दिले.

मी वर्गाला एक प्रश्न हमखास घालत असे. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू कापली गेली, तर कोणत्या पायाला सुई टोचलेली कळणार नाही? बहुतेक जण ‘उजव्या’ म्हणत. उत्तर आहे ‘डाव्या’. वेदना आणि तापमान कळवणारे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात बाजू बदलतात. कंप आणि सांध्यांची स्थिती कळवणारा मार्ग मात्र त्याच बाजूने वर चढत जातो आणि थेट मेडुलात, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, पलीकडे जातो. त्यामुळे उजव्या पायाची ताकद आणि कंपाची जाणीव जाते, टोचणी कळेनाशी होते ती डाव्या पायाची. हे मी फळ्यावर कितीदा तरी काढले असेल, आणि मुलांनी ते तितक्याच वेळा वहीत उतरवून घेतले असेल. पण एकदा आम्ही फरशीवर खडूने मधली रेघ ओढली आणि या दोन मार्गांसाठी दोन रंगांची लोकर मुलांच्या हाती दिली. निळी लोकर घेऊन निघालेली मुलगी रेघेपाशी अडखळली, “इथेच ओलांडू की वर जाऊन?” तिच्या मैत्रिणीने कारणासकट उत्तर दिले, कारण आदल्याच दिवशी ती स्वतः तिथे अडली होती. मला ती वाट इतकी सवयीची झाली होती की मुले नेमकी कुठे अडतात हे मी विसरून गेलो होतो.

मात्र नुसते गट पाडून भागत नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास ही पद्धत घडवली. तिच्यात प्रत्येकाने आधी एकट्याने, कोणाशीही न बोलता, आपले उत्तर नोंदवायचे असते. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचे आणि शेवटी शिक्षकांनी उलगडा करायचा. पहिल्या खेपेला अगदी थोड्यांचेच उत्तर बरोबर आले, तर चर्चा न लावता शिक्षकांनी तो भाग पुन्हा शिकवायचा असतो. तुमच्या मुलीला वाटते त्या धोक्यावर हाच उपाय आहे, आणि घाईच्या वर्गात नेमका तोच गाळला जातो.

आपण काही शिकलोच नाही असे तिला वाटत असेल, तर त्या भावनेवर फार विसंबू नये. हार्वर्डमध्येच २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अशा वर्गांतले विद्यार्थी व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. आपल्याकडे २०१९पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही निव्वळ व्याख्यानांना एकतृतीयांशाहून अधिक वेळ देऊ नये असे म्हटले आहे.

तुम्ही मुलीला एवढेच विचारा, की तास संपताना सर बरोबर उत्तर कारणांसह मांडतात का. मांडत नसतील, तर तिच्या गटाने ते त्यांच्याकडे अवश्य मागावे.