जुनी गाडी घरी रिपेअर करताना एका कामातून तीन कामं निघतात, माझंच काही चुकतंय का?

नाही हो, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. 2005 ची गाडी, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलायला बसलात, त्याच्या हाउसिंगचा म्हणजे वरच्या धातूच्या घराचा बोल्ट तुटला, मग सेन्सरच्या कनेक्टरचं लॉक मोडलं, कूलंटचा रबरी होज (पाइप) ओढताना तोही फाटला आणि आता बॉनेट उघडं टाकून गाडी सोसायटीच्या पार्किंगमधे उभी, आणि तुम्ही विचारताय की हा नाद सोडून देऊ का. मीपण पुण्यातलाच, माझ्याकडेपण साधारण त्याच वयाची हॅचबॅक आहे (कंपनीचं नाव घेत नाही, 20 वर्षांनी तिला काय बोलणार), बहुतेक कामं पार्किंगमधेच करतो आणि चिडचिड व्हायची ती होतेच.

कसंय, नवा पार्ट बसवायला फारसा वेळ लागतच नाही, सगळा दिवस जातो जुना सोडवण्यात, आणि व्हिडिओवाले नेमकं तेवढंच कापून टाकतात. तुमचा जो बोल्ट तुटला तो स्टीलचा, हाउसिंग बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं, मधे वर्षानुवर्षं ओल, दोन वेगळे धातू असे एकत्र राहिले की तिथे गंज धरतो आणि बोल्ट आत चिकटून बसतो. त्यात तो 10 च्या पान्याचा बारका बोल्ट, जरा जोर लावला की गेलाच. म्हणून असं काम काढायचं असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवायचं, सकाळी डोक्यावर हलके ठोके द्यायचे, आधी किंचित आवळायचा आणि मग सोडवायचा, थोडा पुढे थोडा मागे असं करत. गोटी पाना सहा कोनी घ्या, बारा कोनी गोटीने गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग बसा पकड घेऊन. प्लॅस्टिकचं पण तेच, बॉनेटखालच्या उष्णतेने कनेक्टर वाळून कडक होतात, दाबायच्या आधी हेअर ड्रायरने जरा गरम केलं तर लॉक बऱ्याचदा वाचतं. रबर होज ओढून काढायचाच नाही, बदलायचाच आहे ना, ब्लेडने उभा चिरा, खालचा पाइप वाचवा.

आणि नाना पेठ, आपलं पुण्यातलं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं मार्केट! पार्ट मिळत नाहीत असं नाहीये, मारुती 800 बनायची 2014 मधे बंद झाली तरी तिचं सामान अजून मिळतं, पण काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "सँपल आणलंय का?" आता सँपल काढलं की गाडी बंद आणि गाडी बंद की नाना पेठेत जायचं कसं. मोबाइलवरचा फोटो दाखवून काही होत नाही, एकाच मॉडेलमधे दोन-तीन प्रकारचे पार्ट असतात. दुसऱ्याची बाइक मागून ठेवा आधीच.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की ब्लूटूथवाला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष मोबाइलवर दाखवणारा) घेतला आणि तो कनेक्टच होत नाही. तो कदाचित खराब नसेल. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतःच नोंदवायची सिस्टिम, सक्तीचं झालं ते 2010 नंतर, त्याआधीच्या बऱ्याच गाड्या त्या स्वस्त स्कॅनरशी बोलतच नाहीत, सॉकेट तसंच दिसलं तरी. जुन्या गाडीला स्कॅनरपेक्षा साधा मल्टिमीटर जास्त कामाचा. लाइट मंद होणं, काटे नाचणं, सेल्फ रडत रडत फिरणं असली भुताटकी चालू झाली की लोक आधी बॅटरी बदलतात, मग अल्टरनेटर, आणि दोष असतो अर्थिंगच्या वायरीत (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला आणि बॉडीला जाणारी वायर). मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि घरातल्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा (गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून). 0.2 व्होल्टच्या आत राहिलं तर मस्त, 0.5 च्या वर गेलं तर ती वायर काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सरळ नवी टाका. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसलं की अल्टरनेटरला हात लावू नका.

नाद सोडायचा का म्हणाल, तर माझा हिशोब असा आहे की जे काम अर्धवट राहिलं तरी सोमवारी सकाळी दुसऱ्या कशाने ऑफिसला जाता येईल आणि जे चुकलं तरी कुणी मरणार नाही तेच घरी. प्लग, फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, अर्थिंग, होज, हे सगळं खुशाल करा. ब्रेकच्या पाइपलाइन आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगा गॅरेजला. आणि गाडीखाली जायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर अजिबात नाही, वीट फुटते. गाडीवर खर्च करायच्या आधी आरसी पण बघा, 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि 2022 मधे नुसती फीच 5,000 झाली, 20 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला तर 2025 पासून 10,000, पर्यावरण कर वेगळा.

आता तुमच्या तुटलेल्या बोल्टचं. गाडीतच ड्रिल मारत बसू नका, ड्रिल सरकलं की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले. तो भाग सुटा होत असेल तर काढून लेथवाल्याकडे न्या, त्याचं ते रोजचं काम आहे, आटे गेलेच असतील तर तो भोकात तारेची आटेवाली कॉइल टाकून नवे करून देतो. काढलेलं कूलंट ट्रेमधे उघडं ठेवू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं पितात. नवं भरताना कूलंटमधे मिसळायला बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घ्या. रेडिएटरची कॅप उघडी, हीटर फुल गरमवर, इंजिन आयडलला, आणि फॅन एकदा-दोनदा लागून बंद होईपर्यंत हळूहळू भरत राहा, नाहीतर आत हवा अडकते आणि नवीन थर्मोस्टॅट टाकूनही टेंपरेचरचा काटा वर जातो. गार झाल्यावर लेव्हल परत बघा.