ड्रेडलॉक एक्स्टेन्शन करायचंय? आधी हे वाच

भाऊ, ड्रेडलॉक एक्स्टेन्शन म्हणजे आपल्या केसांना जटेसारख्या तयार लटा जोडून घेणं. ते मे महिन्यात जळगावच्या ४४-४५ डिग्रीत नको करू, टाळू घामाने नुसती खाजते, दिवाळीनंतर बस. स्वतःचे केस निदान ३-४ इंच पाहिजेत, नाहीतर जोड धरत नाही. कायमचे ठेवायचे तर खऱ्या केसांचेच घे न क्रोशाच्या सुईने विणून घे. करून देणारा मेण लावतो म्हणाला तर सरळ उठून ये, ते निघता निघत नाही वर आपल्याकडची धूळ चिकटते. मेन गोष्ट वजन, जड लट पातळ केसाला लटकवली की मुळं ओढली जातात न पुढून टक्कल पडायला लागतं, म्हणून दुखतंय तरी सहन करत बसू नको, सैल करून घे. धुतल्यावर आतपर्यंत वाळव, ओलं बांधलं की कुबट वास. आन आजीला आधीच सांगून ठेव, नाहीतर जट आली म्हणून हळदकुंकू वाहील.