नर्सिंगमध्ये खूश राहता येतं का, की बर्नआउट ठरलेलाच?

अकरा वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून सांगते, पेशंटमुळे कोणी वैतागत नाही हो, वैताग येतो तो चाळीस पेशंटला दोन सिस्टर, त्यात सलाइन बघायचं की रजिस्टर लिहायचं, आणि नाइट संपली तरी पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देऊन निघेपर्यंत सकाळचे साडेनऊ. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्येच सांगितलंय की बर्नआउट हा आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे: प्रचंड थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. मी पेशंटला नावाऐवजी 'बेड बारा' म्हणायला लागले तेव्हा कळलं, मलाही तेच झालंय. मग मॅनेजमेंटनं योगाचं सेशन ठेवलं, तेही नाइट ऑफच्या, म्हणजे नाइट ड्यूटीनंतरच्या सुट्टीच्या दिवशी! त्यापेक्षा ड्यूटी रोस्टर वेळेवर द्या ना. बाकी त्याच बेड बाराच्या आजी डिस्चार्जला राजगिऱ्याचा लाडू हातात कोंबून गेल्या, तो आठवडा मस्त गेला.