सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करा

तुम्ही विचारलंय की नोकरी आणि घर सांभाळून, फारसा खर्च न करता, पर्यावरणावरचा आपला भार कसा कमी करता येईल, आणि एकट्यादुकट्याने हे करून काही फरक पडतो का. गेली आठेक वर्षं मी घरात हे करते आहे. त्यातलं जे टिकलं तेच सांगते.

आधी एक विनंती. यासाठी लगेच काही विकत आणू नका. मी तिथेच चुकले. काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, कापडी पिशव्यांचा अख्खा संच मागवला आणि घरातले धडधाकट प्लॅस्टिकचे डबे काढून टाकले. अजून कितीतरी वर्षं चालले असते ते डबे. कापडी पिशवीचंच घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली वेगवेगळ्या पिशव्यांचा, त्या तयार होण्यापासून कचऱ्यात जाईपर्यंतचा हिशेब मांडला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी ठरायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. याचा अर्थ सुती पिशवी वाईट असा नाही. कापूस पिकवण्यात, सूत काढण्यात, कापड विणण्यात पाणी आणि ऊर्जा गेलेली असते, ती वसूल व्हायला पिशवी विटेपर्यंत वापरावी लागते एवढंच. दारामागे आधीच दहा पिशव्या लटकत असतील तर अकरावी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मग सुरुवात कुठून करायची? एक आठवडा कचऱ्याच्या डब्याकडे नीट बघा. मी सात दिवस रोज रात्री डबा रिकामा करण्याआधी त्यात काय आहे ते वहीत लिहिलं होतं. मला वाटलं होतं की पाकिटं, पिशव्या, बाटल्याच जास्त निघतील. त्या निघाल्याच, पण वजन होतं ते अन्नाचं. तळाशी राहून काळी पडलेली पालेभाजी, तीन दिवसांपूर्वीचं उरलेलं जेवण, अर्धं वापरून विसरलेलं पाकीट. विकत आणलेलं, निवडलेलं, शिजवलेलं अन्न आपण स्वतःच्या हाताने फेकतोय हे वहीत लिहिलेलं दिसलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

‘एकट्याने काय होतं’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं (यात सालं, हाडं वगैरेही धरलेली आहेत), आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून गेलं. कारखान्याच्या धुराड्यावर आपला ताबा नसतो. इथे मात्र मोठा वाटा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या स्वयंपाकघरांचा आहे.

आमच्याकडे यावर उपयोगी पडलं ते अगदी साधं आहे. फ्रिजमधला वरचा, डोळ्यांसमोरचा कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवला. उरलेलं सगळं तिथेच, आणि आरपार दिसेल अशा डब्यात. झाकलेल्या भांड्यात काय आहे ते कुणी उघडून बघत नाही, हा माझा अनुभव. बाजारात जाण्याआधी त्या कप्प्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, म्हणजे घरात असलेलीच वस्तू पुन्हा येत नाही. पालेभाजी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. आणि पाकिटावरची तारीख नीट वाचा. ‘बेस्ट बिफोर’ चव आणि दर्जा याबद्दल असते, त्यानंतर पदार्थ लगेच खराब होतोच असं नाही. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षिततेची असते, ती उलटली की खाऊ नका.

एवढं करूनही सालं, देठं, बिया उरतातच. त्यांचं खत करा. हा कचरा मोठ्या कचराडेपोत ढिगाखाली गाडला गेला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तीच सालं हवा मिळत कुजली तर मिथेन जवळजवळ होतच नाही.

मी जुनी झाकणाची बादली घेतली, तळाला आणि बाजूंना भोकं पाडली, खाली ताटली ठेवली. एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर त्याच्या दुप्पट कोरडा थर: वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. चार-पाच दिवसांनी काठीने खालीवर करायचं. ओलावा घट्ट पिळलेल्या फडक्याइतकाच हवा. पहिल्या महिन्यात माझ्या बादलीला इतका वास येऊ लागला की घरच्यांनी ती बंद करायला सांगितली. कारण एकच होतं, कोरडं कमी पडत होतं. भरपूर पुठ्ठा घातला, दोन दिवस रोज हलवलं आणि वास गेला. पुढे एकदा सकाळी मधोमध हात घातला तर आत चक्क ऊबदार लागलं. जिवाणू काम करतात तेव्हा ती उष्णता निघते. तीनेक महिन्यांनी तळातून काळं, भुसभुशीत खत निघालं. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास होता. तेव्हापासून आमच्या डब्यात ओला कचरा जात नाही.

विजेच्या बाबतीत लोक दिव्यांकडे फार बघतात आणि गरम पाण्याकडे बघतच नाहीत. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा पन्नास तास चालतो. तेव्हा दिवे बंद कराच, पण गिझरचं तापमान थोडं खाली आणा आणि आंघोळ दोन मिनिटं लवकर आटपा, त्यात जास्त वाचतं. कपडे गार पाण्यात धुवा, मशीन पूर्ण भरल्यावरच लावा. शिजवताना भांड्यावर झाकण ठेवा, आणि पाणी उकळलं की आच कमी करा. उकळतं पाणी मोठ्या आचेवर आणखी तापत नाही, त्याची फक्त वाफ होते.

संडासाची टाकी हळूच गळते आणि महिनोन्‌महिने कळत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं पाणी सोडू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदला.

मोबाइलबद्दल आग्रहाने सांगते. फोनच्या एकूण प्रदूषणातला बहुतेक भाग तो बनवतानाच झालेला असतो, वापरताना फार थोडा होतो. म्हणून एकच फोन तीनऐवजी पाच वर्षं वापरणं हा मोठा बदल आहे. फोन मंदावला, सारखा बंद पडतो, असं वाटतं तेव्हा बरेचदा फक्त बॅटरी थकलेली असते. मी दोनदा बॅटरी बदलून घेतलीय आणि फोन अजून उत्तम चालतो. कपड्यांचंही तेच. सुटलेलं बटण, उसवलेली शिवण एवढ्यासाठी कपडा बाद करू नका.

प्रवासाचं मात्र मला अजून पूर्ण जमलेलं नाही. दोन किलोमीटरच्या आतलं चालत जाते, कामाला बसने जाते, पण आईवडील लांब असल्याने वर्षातून एकदा विमान होतंच.

घरच्यांना यातलं एकदम सगळं सांगू नका. फ्रिजचा कप्पा आधी सुरू करा, तो सगळ्यांना पटतो, कारण त्यात पैसे वाचतात. बादली दोन महिन्यांनी आणा. आणि खताचं कुठे अडलं तर मला विचारा. बादलीत काय घातलं आणि वास कसा येतोय एवढं लिहिलंत की मला अंदाज येतो.